इंदूरच्या महाराजांची 20 फुटी गाडी

ऑटो शोमध्ये जीटी दिसली की पाय आपोआप थांबतात, हो ना? जीटी म्हणजे ग्रँड टूरिंग. वेग सुपरकारचा, पण लांबच्या प्रवासात पाठीचे हाल न करणारी गाडी. आपण फोटो काढतो, स्टेटस टाकतो, किंमत ऐकून हसतो आणि पुढे सरकतो. पण या वेडाचा एक अस्सल मराठी अध्याय आहे. त्याचा नायक तुमच्यापैकी अनेकांपेक्षा लहान असताना गादीवर बसला. यशवंतराव होळकर दुसरे, इंदूरचे महाराज.

कल्पना करा, तुम्ही आगाशीहून विरार स्टेशनला निघालात आणि समोरून केशरी-काळी, 20 फूट लांब गाडी आली. दोन रिक्षा एकामागे एक लावल्या तरी तिची लांबी भरायची नाही. आपल्या रस्त्यावर ती वळवायची कशी, हा वेगळाच प्रश्न! ही होती यशवंतरावांची ड्युझेनबर्ग एसजे. अमेरिकन बनावट, आठ सिलिंडर, जवळपास 7 लिटरचं इंजिन, त्यावर सुपरचार्जर आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार 320 अश्वशक्ती. लक्षात घ्या, आपण 1930च्या दशकाबद्दल बोलतोय.

तेव्हा अशी गाडी शोरूममधून तयार मिळत नसे. कंपनी इंजिन आणि चासी द्यायची, बॉडी वेगळ्या कारागिरांकडून बनवून घ्यायची. महाराजांनी हे काम लंडनच्या गर्नी नटिंगला दिलं. म्हणजे हृदय अमेरिकेचं, अंगरखा लंडनचा आणि मालक मराठी.

आता माणसाकडे येऊ. जन्म 6 सप्टेंबर 1908. वडील तुकोजीराव तिसरे. 1925 मध्ये मुंबईत मलबार हिलवर व्यापारी अब्दुल कादर बावला यांचा खून झाला आणि हल्लेखोरांचे धागे इंदूरपर्यंत पोचले. चौकशीला सामोरं जाण्याऐवजी तुकोजीरावांनी 1926 मध्ये गादी सोडली. यशवंतराव तेव्हा 17 वर्षांचे. वडिलांच्या बदनामीसकट राज्य पदरात पडलं. पुढे ऑक्सफर्डला शिक्षण झालं आणि 1930 मध्ये पूर्ण अधिकार मिळाले.

या तरुण राजाने काय केलं? जुन्या पद्धतीचे घुमट आणि झुंबरं टाळली. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुरचनाकाराला बोलावलं. दोघंही पंचविशीच्या आसपासचे. त्यांनी इंदूरमध्ये माणिकबाग उभी केली, तीही वातानुकूलित. आत एलीन ग्रे, ल कार्बुझिए यांचं फर्निचर. ब्रांकुशी या शिल्पकाराची आकाशात झेपावणाऱ्या पक्ष्याची शिल्पंही त्यांनी विकत घेतली. जगाने ज्यांना नंतर डोक्यावर घेतलं, त्यांना यशवंतरावांनी आधीच ओळखलं होतं. गाडीची निवडही त्याच नजरेची.

पण एक गोष्ट विसरू नका. हा पैसा कुठल्या स्टार्टअपचा नव्हता, संस्थानाचा होता, म्हणजे शेवटी रयतेचा. गाडीच्या प्रेमात पडताना हा हिशेब बाजूला ठेवता येत नाही.

आणि एवढं असूनही नशिबाची गाडी हाताबाहेर जायची ती गेलीच. 1937 मध्ये पत्नी संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या, ऐन विशीत. मुलगी उषाराजे तेव्हा अगदी लहान. इंदूरमध्ये ब्रांकुशीच्या शिल्पांसाठी एक मंदिर बांधायचं होतं, त्यासाठी ते स्वतः भारतात येऊनही गेले. मंदिर झालंच नाही. ड्युझेनबर्ग कंपनीही 1937 मध्येच बंद पडली. 1948 मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं आणि महाराज उपराजप्रमुख झाले. 5 डिसेंबर 1961 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय अवघं 53.

मग मागे काय उरलं? माणिकबागेतल्या बऱ्याच वस्तूंचा 1980 मध्ये मोनॅकोत लिलाव झाला. त्या आज जगभरातल्या संग्रहांमध्ये विखुरल्यात. महालात सरकारी कर खात्याचं कार्यालय आलं.

मात्र एका हौसेचा हिशेब वेगळा लागला. यशवंतरावांच्या आश्रयाने होळकर संघाचं क्रिकेट बहरलं. सी. के. नायडू, मुश्ताक अली त्याच संघातले. 1945-46 ते 1952-53 या काळात संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. तिथे महाराजांनी स्वतःसाठी काही विकत घेतलं नव्हतं, दुसऱ्यांना खेळायला जागा दिली होती. 20 फुटी गाडीत बसायचं भाग्य मोजक्यांचं. इंदूरच्या होळकर स्टेडियममध्ये मात्र तिकीट काढून तुम्हीही बसू शकता.