बाईकचा बोल्ट नुसताच फिरतोय? मग जोसेफ व्हिटवर्थची गोष्ट वाचाच

पावसाळ्यात लोणावळ्याला जायचं ठरलं की आदल्या रात्री बाईकला फॉग लाईट नाहीतर क्रॅश गार्ड बसवायची घाई सुरू होते. एखादा बोल्ट दोन वेढे सहज आत जातो आणि अडतो. आपण पान्ह्याला जोर लावतो, 'कट्ट' असा आवाज येतो आणि मग बोल्ट नुसताच फिरत राहतो. आटे गेले! बोल्टचे गेले तर नवा बोल्ट मिळतो. इंजिनच्या ॲल्युमिनियममधले गेले तर पंचाईत.

बोल्ट आत जाऊनही का अडला, याचं उत्तर एका इंग्रज कारागिराच्या आयुष्यात सापडतं.

जोसेफ व्हिटवर्थ २१ डिसेंबर १८०३ ला स्टॉकपोर्टमध्ये जन्मला. चौदाव्या वर्षी नातेवाइकाच्या सूतगिरणीत लागला, पण त्याचं मन धंद्यापेक्षा यंत्रांत. शेवटी तिथून निघून तो मँचेस्टरला साधा मेकॅनिक झाला. १८२५ मध्ये लंडनला हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात गेला. अचूक लेथसाठी तेव्हा हेच नाव होतं. १८३३ मध्ये मँचेस्टरला परत येऊन त्याने स्वतःचं वर्कशॉप टाकलं.

त्या काळात प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसायचा नाही. आपल्याकडे प्रत्येक फोनला वेगळा चार्जर होता ना, तसंच, फक्त इथे अख्खं इंजिन अडून बसायचं. व्हिटवर्थने काय केलं? वेगवेगळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मोजले आणि सरासरी काढली. आट्याचा कोन ५५ अंश, टोकं आणि खाचा गोलसर, आणि प्रत्येक जाडीच्या बोल्टला एका इंचात किती आटे हे ठरलेलं. १८४१ मध्ये त्याने हे लंडनच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे मांडलं. नवं काही शोधण्यापेक्षा असलेल्यातून सगळ्यांना चालेल असं निवडणं, हे मला जास्त भारी वाटतं.

१८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात त्याने इंचाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत मोजणारं यंत्र ठेवलं. पुढे षटकोनी नळीची रायफलही बनवली, ती ब्रिटिश सैन्याने घेतली नाही. १८६९ मध्ये त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला आणि २२ जानेवारी १८८७ ला माँटे कार्लोत तो वारला.

तो हयात असतानाच, १८६३ मध्ये, बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. इंजिनं इंग्लंडहून जहाजाने यायची. इंच मापाचे ब्रिटिश आटे आपल्याकडे रुळले ते अशाच यंत्रांबरोबर. अमेरिकेने मात्र ६० अंशांचे आटे धरले होते. लोणावळ्यात १९४५ मध्ये आजची आयएनएस शिवाजी सुरू झाली, नौदलाच्या इंजिनिअरिंगच्या प्रशिक्षणासाठी. त्याच महायुद्धात दोस्त राष्ट्रांचे नट-बोल्ट एकमेकांना बसत नव्हते. १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाने समझोता करून ६० अंश मान्य केले. आजचे मेट्रिक आटेही ६० अंशांचेच.

पण जुन्या बुलेटवर इंचाचे आटे सापडतात, आणि हार्डवेअरच्या दुकानात अजून 'अडीच सुती' बोल्ट मिळतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे अडीच सूत झाले ७.९४ मिमी. एम८ च्या भोकात तो जाणारच! पण एम८ मध्ये दोन आट्यांतलं अंतर १.२५ मिमी, व्हिटवर्थच्या अडीच सुतीत १.४१. दोन-तीन वेढ्यांत फरक साचतो, बोल्ट अडतो आणि जोर लावला की मऊ ॲल्युमिनियम सोलून निघतं. म्हणून आधी जुना आणि नवा बोल्ट आट्यांत आटे अडकवून उजेडासमोर धरा. मधून उजेड दिसला तर माप वेगळं.

आटे गेलेच असतील तर एम-सील किंवा टेफ्लॉन टेपचा जुगाड घाटात टिकत नाही. एम८ चं भोक साधारण ८.३ मिमी ड्रिलने मोठं करतात, त्यात हेलिकॉइलचा खास टॅप मारतात आणि स्प्रिंगसारखी स्टीलची कॉइल बसवतात. कॉइलच्या आत पुन्हा एम८ च मिळतो, म्हणजे कंपनीचाच बोल्ट चालतो. ड्रिल सरळ धरायचा, टॅपला तेल लावायचं आणि बुरादा इंजिनात पडू द्यायचा नाही. ब्रेक कॅलिपरच्या बोल्टवर मात्र हे घरी करू नका, गाडी गॅरेजला न्या.