मोहरेवरचा सेव्हेरस

गोंदियाला लागूनच आमचे फुलचूर. इकडच्या लग्नकार्यात एखाद्या आजीच्या गळ्यात पुतळ्यांची माळ दिसली की मला रोमन बादशहा आठवतात! पुतळी हे नाव व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याला पडलेले. पण परदेशी नाणे गळ्यात घालण्याची आपली हौस त्याहून पुरातन. भारतात सापडलेल्या कित्येक रोमन मोहरांना, आणि इथेच घडवलेल्या त्यांच्या नकलांना, बादशहाच्या डोक्यावर दोन भोके आहेत. दोऱ्यात ओवल्यावर चेहरा सुलटा राहावा म्हणून.

सोलापूर जिल्ह्यातल्या दारफळला १८४० साली अशा सोन्याच्या मोहरा निघाल्या. त्यांत सेप्टिमियस सेव्हेरसचीही होती. त्याची मोहर साधारण सव्वासात ग्रॅमची. ओळखायला लॅटिन यावेच लागते असे नाही. त्या अक्षरांत यू हा व्हीसारखा कोरतात, एवढे ठाऊक असले की नाव जुळते. नक्कल असेल तर अक्षरे बहुधा नुसत्या रेघोट्या.

हा गडी मूळचा रोमचा नव्हेच. इ. स. १४५ मध्ये आजच्या लिबियातल्या लेप्टिस मॅग्ना गावी जन्मला. १९३ साली पहारेकऱ्यांनीच बादशहा पर्टिनॅक्सला मारून गादीचा चक्क लिलाव पुकारला. तेव्हा डॅन्यूबकाठचा सुभेदार असलेला सेव्हेरस फौज घेऊन रोमवर चालून आला आणि सत्ता घेऊन बसला. मारल्या गेलेल्याचा वारस म्हणून त्याने पर्टिनॅक्स हे नाव लावले. नाण्यावर ते दिसले, की नाणे सुरुवातीच्या वर्षांतले समजावे. १९५ मध्ये तर त्याने स्वतःला मार्कस ऑरेलियसचा मुलगा म्हणवून घेतले. मार्कसला जाऊन पंधरा वर्षे झाली होती! बाप असा मागाहून निवडणारा माणूस विरळाच. पुढे पार्थियावरच्या विजयाची पदवी आली, मग पायस आले. बिरुदे वाचत गेले की नाण्याचे साल हाती लागते.

सैनिकांचे पगार वाढवताना त्याने चांदीच्या नाण्यातली चांदी निम्म्यावर आणली. सोन्याला मात्र धक्का लावला नाही.

मला त्याची एक मोहर फार चटका लावते. एका बाजूला तो स्वतः; दुसरीकडे मध्ये सीरियाची लेक, त्याची राणी ज्यूलिया डोम्ना, आणि दोन्ही अंगांना मुलगे, काराकाला आणि गेटा. सुखी युगाची ग्वाही देणारी अक्षरे वर कोरलेली. घरात मात्र दोघा भावांचे विळ्याभोपळ्याचे सख्य. २११ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमधल्या यॉर्कला मरताना बापाने दोघांना मिळून राहायला बजावले म्हणतात. त्याच डिसेंबरात काराकालाने गेटाला आईच्या कुशीतच मारवले. शिलालेखांतून त्याचे नाव, चित्रांतून त्याचा चेहरा खरवडून काढला. लोकांच्या गाठीला गेलेले सोने मात्र तो कुठवर गोळा करणार? त्या मोहरेवर गेटा अजून आईजवळच आहे.