जिन्याखालचा ड्रम

मी सुताराचा मुलगा, म्हणून जॉन बोनहॅम मला जवळचा वाटतो. १९४८ साली इंग्लंडमधील रेडिच येथे जन्मलेला हा मुलगा शाळा सुटताच वडिलांच्या हाताखाली सुतारकामाला लागला. १९६८ मध्ये तो ‘लेड झेपेलिन’चा ड्रमवादक झाला.

गॅदरिंगला आम्ही बास ड्रमला माईक अगदी चिकटवला आणि नुसती घरघर ऐकू आली! १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’साठी मात्र अँडी जॉन्स या ध्वनिमुद्रकाने हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत जिन्याखाली ड्रम मांडून वर दोनच माईक टांगले. बास ड्रमला वेगळा माईक नव्हताच. तरी ठोका स्वच्छ उमटला. हातापायांचा तोल मुळात वादकाजवळच होता, असे मला वाटते.

१९८० साली, अवघ्या ३२ व्या वर्षी, दारूच्या अतिरेकाने तो गेला. वडिलांना ही हकिकत सांगितली. शेवट तेवढा सांगवला नाही. आमच्याही घरात ते दुःख आहे.