शिरढोणचा बंडखोर

पनवेल : मुंबई-गोवा महामार्गालगतच्या शिरढोण गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. नातवाच्या वाट्याला मात्र पुण्यातील लष्करी हिशेब खात्यातली कारकुनी आली. लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे त्यांनी शस्त्रविद्येचे धडे घेतले.

१८७६-७७ च्या दुष्काळातील उपासमारीने त्यांच्या मनातील असंतोष भडकला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने विनापरवाना बंदूक बाळगणे गुन्हा ठरविले. तरीही फेब्रुवारी १८७९ मध्ये रामोशी साथीदारांसह त्यांनी बंड पुकारले. शस्त्रे आणि माणसांचा पगार यांसाठी पैसा हवा होता. म्हणून सावकारांवर छापे पडले. मात्र तलवारी व मोजक्या बंदुकांच्या बळावर सरकारी फौजेच्या रायफलींपुढे टिकाव लागणे कठीण होते.

मे महिन्यात दौलतराव नाईक यांनी पनवेलजवळ पळस्पे येथे मोठी लूट मिळविली. पण परतीच्या वाटेवर फौजेने त्यांना गाठले. ते गोळीला बळी पडले आणि बंडाचा कणाच मोडला. जुलैमध्ये देवर नावदगी येथे फडके पकडले गेले. पुण्यातील खटल्यात गणेश वासुदेव जोशी यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. शिक्षा झाली जन्मठेप काळ्या पाण्याची. एडनच्या तुरुंगातून ते निसटले, पुन्हा पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांची प्राणज्योत मालवली. शिरढोणची माती त्यांना पुन्हा दिसली नाही.