आधी स्वतःला टोचून घेणारा माणूस

परळच्या हाफकिन संस्थेवरून रोज हजारो माणसं जातात. हे कुणाचं तरी आडनाव आहे, हे त्यांतल्या किती जणांच्या ध्यानात येत असेल?

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० चा, काळ्या समुद्रावरच्या ओडेसा बंदरातल्या ज्यू कुटुंबातला. शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ; डॉक्टर नव्हेत, आणि ही गोष्ट पुढे सरकारी डॉक्टरांना फार खुपली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना प्रथम काम मिळालं ते ग्रंथालयात. तिथेच त्यांनी कॉलऱ्याची लस बनवली आणि १८ जुलै १८९२ रोजी स्वतःला टोचून घेतली.

लस बाटलीत तयार होते, पण तिची परीक्षा होते माणसांत. ही माणसं मिळवायची कशी? हाफकिन यांचं सारं आयुष्य या प्रश्नाभोवती फिरलं, असं मला वाटतं. १८९४ साली कलकत्त्याच्या काट्टल बागान वस्तीत लोकांनी त्यांच्या पथकावर दगड भिरकावले. त्यांनी पोलीस बोलावले नाहीत. सर्वांदेखत स्वतःला सुई टोचून घेतली. सुमारे २०० वस्तीकरांपैकी ११६ जण पुढे आले. नंतर तिथे कॉलरा झाला तो न टोचलेल्यांनाच.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक लहानशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या संसारावर त्यांनी तीन महिन्यांत लस उभी केली. १० जानेवारी १८९७ रोजी पहिला डोस पुन्हा स्वतःलाच. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे दीडशे कैदी स्वेच्छेने पुढे आले, पावणेदोनशेच्या आसपास तसेच राहिले. न टोचलेल्यांत बारा जणांना प्लेग झाला, सहा दगावले. टोचलेल्यांत दोघांना झाला, दोघेही वाचले.

मी बँकेत उमेदीची वर्षं काढली. गरजू माणसाची सही किती खुशीची असते, हे मला ठाऊक आहे. गजाआडच्या माणसाचा होकार त्याहून वेगळा कसा मानायचा? पण हाफकिन यांची वही मला आवडते. नकार देणाऱ्यांचीही त्यांनी तितकीच काटेकोर नोंद ठेवली. त्या रकान्याशिवाय पहिल्या रकान्याला किंमत नव्हती.

हे चालू असताना पुण्यात सोजीर घराघरांत घुसून रोगी शोधत होते. १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करताच गेल्या. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. अशा दिवसांत गोऱ्या माणसाच्या सुईपुढे दंड कोण करणार? तिथे आगाखान उपयोगी पडले. त्यांनी जाहीरपणे लस टोचून घेतली, प्रयोगशाळेला आपली वास्तू दिली, आणि त्यांच्यामागून खोजा समाजाचे हजारो लोक आले.

१८९८ मध्ये बडोदे संस्थानातल्या उंढेरा गावी प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली गेली. पुढे टोचलेल्यांत आठ जणांना प्लेग झाला, तिघे गेले. न टोचलेल्यांत सत्तावीस जणांना झाला, सव्वीस गेले. शास्त्राला असा पुरावा हवाच असतो. पण एकाच चुलीवर जेवणाऱ्यांची ती विभागणी होती. मागे उरलेल्यांनी एकमेकांकडे कसं पाहिलं असेल?

१८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात आली. तीन वर्षांनी घात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी १०७ जणांना लस दिली गेली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. सारे एकाच बाटलीतून टोचलेले. हाफकिन यांना पदावरून दूर केलं गेलं. त्यांनी लस बनवण्याची रीत बदलली होती, तेवढं बोट ठेवायला पुरलं. बाटली उघडताना तिथल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे नंतर पुढे आलं. रोनाल्ड रॉससारख्यांनी लंडनच्या वृत्तपत्रांतून आवाज उठवला, तेव्हा १९०७ मध्ये सरकारने त्यांना परत घेतलं.

नेमणूक मात्र कलकत्त्याची. तिथे लस बनवण्याची सोय नव्हती. पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन ते युरोपला गेले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचं नाव मिळालं. पाच वर्षांनी, २६ ऑक्टोबर १९३० रोजी, स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी ते वारले.