कायद्यापलीकडचे ऋण

कायद्याने कोण कोणाचे किती देणे लागतो, हे सांगणे वकिलाचे काम. चित्तरंजन दास यांचे मोठेपण मात्र कायद्याने लागू नसलेले देणे मान्य करण्यात होते.

१८७० साली कलकत्त्यात जन्मलेल्या दासांना आय. सी. एस. परीक्षेत यश आले नाही. बॅरिस्टर होऊन परतल्यावर त्यांच्या वाट्याला आला तो कर्जाचा डोंगर. १९०६ साली वडील भुवनमोहन यांच्यासह त्यांनाही नादार ठरविण्यात आले. पुढे अलीपूर बाँबखटल्यात त्यांनी अरविंद घोष यांचा बचाव केला. १९०९ साली अरविंद निर्दोष सुटले आणि दासांचा व्यवसाय भरभराटीस आला. तेव्हा १९१३ मध्ये त्यांनी ती सारी जुनी कर्जे फेडली. धनकोंना ती वसूल करण्याचा कायदेशीर हक्क उरलेला नव्हता.

१९२० च्या नागपूर काँग्रेसला ते असहकाराच्या विरोधासाठी गेले आणि अखेर त्यांनीच तो ठराव मांडला. त्यानंतर त्यांनी विपुल प्राप्तीची वकिली सोडली. पुढच्याच वर्षी तुरुंगवास पत्करला. १९२२ च्या गया काँग्रेसने अध्यक्ष दासांचा कौन्सिलप्रवेशाचा आग्रह फेटाळला; तेव्हा त्यांनी मोतीलाल नेहरूंसह स्वराज्य पक्ष काढला.

त्यांची खरी कसोटी १९२३ च्या बंगाल कराराने पाहिली. प्रांतात मुसलमान निम्म्याहून अधिक, परंतु सरकारी नोकऱ्यांत त्यांचा वाटा अल्प. स्वराज्य आल्यावर त्यांना ५५ टक्के नोकऱ्या आणि विधिमंडळात लोकसंख्येनुसार प्रतिनिधित्व मिळावे, असे या कराराने ठरविले. सुशिक्षित हिंदूंत संताप उसळला. कोकोनाडा काँग्रेसनेही करार नाकारला. दास मात्र ढळले नाहीत. १९२४ साली ते कलकत्त्याचे पहिले महापौर झाले. तेव्हा सुऱ्हावर्दी उपमहापौर आणि सुभाषचंद्र बोस मुख्य कार्यकारी अधिकारी होते.

१६ जून १९२५ रोजी दार्जिलिंगला दासांचे निधन झाले. राहते घर त्यांनी आधीच लोककार्यासाठी देऊन टाकले होते. तेथे स्त्रियांचे रुग्णालय उभे राहिले. करार मात्र त्यांच्यामागे वर्षभरही टिकला नाही. १९२६ मध्ये बंगालच्या काँग्रेसजनांनीच तो रद्द केला आणि १९४७ साली प्रांत दुभंगला. कराराने फाळणी टळली असती, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु हाती असलेल्या अधिकारातून दुसऱ्याचा वाटा आपण होऊन काढून द्यावा, ही दासांची रीत होती. तिचे वारस बंगालला पुरेसे लाभले नाहीत. पित्याचे ऋण पुत्राने फेडले. नेत्याचे ऋण अनुयायांनी नाकारले.