एस्टेस कीफॉव्हर

कॅरी एस्टेस कीफॉव्हर (२६ जुलै, इ.स. १९०३ - १० ऑगस्ट, इ.स. १९६३) हे अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे राजकारणी होते. टेनेसी राज्यातून ते प्रथम प्रतिनिधिगृहावर (इ.स. १९३९-१९४९) व नंतर मृत्यूपर्यंत सेनेटवर निवडून गेले. राष्ट्राध्यक्षपदाची पक्षीय उमेदवारी त्यांनी इ.स. १९५२ व इ.स. १९५६ अशी दोनदा मागितली. दोन्ही वेळा ती ॲडलाय स्टीव्हन्सन यांना मिळाली. त्या काळातील त्यांची प्रचारपत्रके आणि बिल्ले आज संग्राहक जपून ठेवतात.

प्रारंभिक जीवन

टेनेसीतील मॅडिसनव्हिल या लहान गावी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे लोखंडी सामानाचे दुकान होते. टेनेसी विद्यापीठातून पदवी घेतल्यावर त्यांनी वर्षभर आर्कान्सातील हॉट स्प्रिंग्स येथे शाळेत अध्यापन केले. पुढे येल विद्यापीठातून कायद्याची पदवी (इ.स. १९२७) घेऊन ते चॅटनूगा येथे वकिली करू लागले. इ.स. १९३५ मध्ये त्यांचा विवाह स्कॉटलंडच्या नॅन्सी पिगॉट यांच्याशी झाला.

रॅकूनची टोपी

टेनेसीच्या राजकारणावर त्या वेळी मेम्फिसचे पुढारी एडवर्ड क्रंप यांची घट्ट पकड होती. इ.स. १९४८ च्या सेनेट निवडणुकीत क्रंप यांनी वृत्तपत्रांत जाहिराती देऊन कीफॉव्हर यांची तुलना चोरटेपणाने पंजा मारणाऱ्या रॅकूनशी केली. कीफॉव्हर यांनी या शिवीचाच अलंकार केला. रॅकूनच्या कातड्याची, मागे शेपटी लोंबणारी टोपी घालून ते सभांना जाऊ लागले आणि आपण रॅकून असलो तरी क्रंप यांचे पाळीव नाही, हे त्यांनी लोकांना हसत हसत पटवून दिले. ते विजयी झाले व क्रंप यांच्या राज्यव्यापी वर्चस्वाला तडा गेला. पुढच्या दोन्ही मोहिमांत ही टोपी त्यांची ओळखच बनली. प्रचारपत्रकांवर व बिल्ल्यांवर तिचे चित्र वारंवार दिसते.

गुन्हेगारीची चौकशी

इ.स. १९५०-५१ मध्ये संघटित गुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या सेनेट समितीचे ते अध्यक्ष होते. समितीने १४ शहरांत फिरून ६०० हून अधिक साक्षी नोंदविल्या. न्यू यॉर्कमधील सुनावणी दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आली. फ्रँक कॉस्टेलो याने चेहरा दाखविण्यास हरकत घेतल्याने कॅमेरे त्याच्या हातांवर रोखले गेले आणि लाखो प्रेक्षकांनी ती अस्वस्थ बोटे पाहिली. कीफॉव्हर घराघरांत पोहोचले, पण स्वपक्षातील शहरी पुढारी दुखावले. गुन्हेगार व पोलीस यांचे साटेलोटे अनेक ठिकाणी डेमोक्रॅटिक सत्तेच्या छायेतच वाढले होते. इ.स. १९५० मध्ये इलिनॉयमधून पराभूत झालेले सेनेटमधील पक्षनेते स्कॉट लुकास यांनी आपल्या पराभवाचे खापर या चौकशीवर फोडले.

इ.स. १९५२ ची प्राथमिक निवडणूक

पक्षाचा उमेदवार ठरविण्यासाठी काही राज्यांत मतदारांचा कौल घेतला जातो, त्यास प्राथमिक निवडणूक म्हणतात. त्या काळी अशी राज्ये थोडी होती. बहुतेक राज्यांचे प्रतिनिधी स्थानिक पुढारीच ठरवीत. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या लेखी तर या निवडणुका निव्वळ धूळफेक होत्या. कीफॉव्हर यांनी मात्र आपला सारा डाव याच मार्गावर लावला. न्यू हॅम्पशायरच्या बर्फात गावोगाव फिरून, भेटेल त्याच्याशी हस्तांदोलन करून ते मते मागत राहिले. वक्ते म्हणून ते सामान्यच होते. त्यांची ताकद समोरच्या एका माणसाशी बोलण्यात होती. ११ मार्च रोजी त्यांना १९,८०० आणि विद्यमान राष्ट्राध्यक्षांना १५,९२७ मते पडली. २९ मार्च रोजी ट्रुमन यांनी पुन्हा उभे न राहण्याची घोषणा केली. या माघारीचे संपूर्ण श्रेय कीफॉव्हर यांना देण्याची प्रथा आहे, पण ते अतिशयोक्त वाटते, कारण ट्रुमन यांनी आपला निर्णय इ.स. १९५० मध्येच एका खाजगी टिपणात लिहून ठेवला होता.

त्या वर्षीच्या १५ प्राथमिक निवडणुकांपैकी १२ कीफॉव्हर यांनी जिंकल्या. शिकागोच्या अधिवेशनात पहिल्या फेरीत १,२३० पैकी ३४० मते मिळवून ते आघाडीवर होते. दुसऱ्या फेरीतही आघाडी टिकली. तिसऱ्या फेरीत पुढाऱ्यांनी स्टीव्हन्सन यांच्या पाठीशी बळ उभे केले. स्टीव्हन्सन यांनी एकही प्राथमिक निवडणूक लढविली नव्हती. त्यामुळे इ.स. १९५२ चे कीफॉव्हर यांचे पत्रक हाती घेताना ते केवळ हरलेल्या उमेदवाराचे पत्रक मानणे अपुरे ठरते. मतदारांपुढे तो उमेदवार बहुतेक ठिकाणी जिंकला होता. शिवाय प्राथमिक निवडणुकीचे पत्रक बहुधा एकाच राज्यापुरते छापले जाई आणि मतदानानंतर फेकले जाई, हेही त्याच्या दुर्मीळतेचे कारण आहे.

इ.स. १९५६

या वेळी न्यू हॅम्पशायर व मिनेसोटा त्यांनी जिंकले. २१ मे रोजी मायामी येथे स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचा दूरचित्रवाणीवर वादसंवाद झाला. फ्लोरिडा व कॅलिफोर्नियातील पराभवानंतर त्यांनी माघार घेतली. उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडणे स्टीव्हन्सन यांनी अधिवेशनावर सोपविले, तेव्हा दुसऱ्या फेरीत जॉन एफ. केनेडी यांना मागे टाकून कीफॉव्हर निवडले गेले. नोव्हेंबरमध्ये आयझेनहॉवर-निक्सन जोडीने त्यांचा पराभव केला.

सेनेटमधील कार्य

एकाकी पडण्याची त्यांना भीती नव्हती. कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व गुन्हा ठरविणाऱ्या प्रस्तावाविरुद्ध इ.स. १९५४ मध्ये सेनेटमध्ये त्यांनी एकट्यानेच मत दिले. शाळांतील वर्णभेद चालू ठेवू पाहणाऱ्या दक्षिणी जाहीरनाम्यावर (इ.स. १९५६) त्यांनी सही केली नाही.

इ.स. १९५९ पासून त्यांनी औषधांच्या किमतींची चौकशी चालविली. थॅलिडोमाइड या औषधामुळे युरोपात व्यंग असलेली बालके जन्मल्याचे उघड झाल्यावर लोकमत जागे झाले आणि १० ऑक्टोबर, इ.स. १९६२ रोजी कीफॉव्हर-हॅरिस दुरुस्ती कायदा झाला. औषध गुणकारी असल्याचा पुरावा विक्रीपूर्वी देणे त्याने उत्पादकांवर बंधनकारक केले. किमतींना आळा घालणारी कलमे मात्र वाटेतच गळाली होती, आणि चौकशीचा मूळ हेतू तोच होता.

मृत्यू

८ ऑगस्ट, इ.स. १९६३ रोजी सेनेटमध्ये भाषण करीत असताना त्यांची प्रकृती बिघडली. दोन दिवसांनी बेथेस्डा येथील नौदल रुग्णालयात त्यांचे निधन झाले. मॅडिसनव्हिल येथे त्यांचे दफन करण्यात आले. त्यांची कागदपत्रे नॉक्सव्हिल येथील टेनेसी विद्यापीठात जतन केलेली आहेत.